प्रश्नाआधी पडलेली कळी

१८ नोव्हेंबर

गुणाकार चालू असताना केंद्रप्रमुख मानेसाहेबांचा फोन. वाडीत रेंज फक्त शाळेच्या पायरीवर, त्यामुळे पहिली ते चौथी सगळ्यांनी कान टवकारून ऐकलं. वीसच्या आत पट असलेल्या शाळा बंद, पोरं खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत, न्यायला-आणायला गाडी. तिला समूह शाळा म्हणायचं. 'बंद' हा शब्द मात्र वापरायचा नाही, 'समायोजन' म्हणायचं. त्यासाठी गावाची 'संमती' म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हवा. ठराव लिहितो सचिव. एकशिक्षकी शाळेत सचिव मी, मुख्याध्यापक मी, घंटा देणाराही मीच.

शेवटी साहेबांनी आवाज बारीक केला. म्हणाले, शाळा मिटली की तांबोळी, तुम्ही अतिरिक्त ठरता, आणि कराडकडे जागा रिकाम्या आहेत. कराडकडे म्हणजे कडेगावच्या घरून रोज मोटरसायकलवर जाऊन-येऊन नोकरी. मी नुसतं "हां साहेब, हां साहेब" करत राहिलो.

वर्गात परतलो तर सातचा पाढा मधेच अडकला. पोरांनीच पुढं म्हटला.

१९ नोव्हेंबर

मेढ्यातल्या भाड्याच्या खोलीवर. लिहायला बसलो तर काय वाटतंय तेच धड लिहिता येईना.

आनंद झाला हे खरं. तो लगेच दाबला हेही खरं. नोकरी सातारा जिल्ह्याची, घर सांगली जिल्ह्यात. आंतरजिल्हा बदलीचे अर्ज भरून भरून पोर्टलचा पासवर्ड आता तोंडपाठ झालाय. अब्बांना झटका येऊन गेल्यापासून त्यांची एक बाजू लुळी आहे. बायको नसीम एकटी त्यांना उठवते, बसवते, भरवते. मी रविवारी बिस्किटाचा पुडा घेऊन पाहुण्यासारखा जातो.

आणि शाळा? बंद झाली तर खरंच वाईट होईल? चौथीत एकटा विनायक. प्रश्न विचारला की उत्तर त्यानंच द्यायचं, हात वर करायचीही सोय नाही. परीक्षेत पहिला तोच, शेवटचा तोच. खो-खो खेळायचा तर मला आणि अंगणवाडीच्या ताईंना पळावं लागतं. खाली गेली तर पोरांना चार मित्र मिळतील, वेगळ्या वर्गाला वेगळ्या बाई मिळतील.

पण हे मला पटतंय म्हणून पटतंय, की माझ्या सोयीचं आहे म्हणून? इथंच गाडी अडते.

२१ नोव्हेंबर

सुनीताताईंना सांगितलं. समितीच्या अध्यक्ष. त्यांची ईश्वरी माझ्याकडे दुसरीत. पाचगणीच्या बाजूला स्ट्रॉबेरी तोडायला जातात, संध्याकाळी जीपमधून उतरल्या त्या तशाच शाळेपाशी आल्या. बोटं लाल.

ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमाला एष्टी येत न्हाई तितं पोरांची गाडी येणार व्हय सर? पावसाळ्यात? त्या रानातनं?"

म्हटलं, कागदावर तर आहे.

"कागद चढतोय की वर. त्याला कुटं दम लागतोय."

जायला निघाल्या आणि पायरीवर थांबून विचारलं, खालच्या शाळेत दुसरीला खरंच वेगळ्या बाई आहेत का. म्हटलं, आहेत. संगणकही आहेत. ईश्वरीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावून गेल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार. कडेगाव

नसीमला कराडचं सांगितलं आणि चूक केली असं वाटलं, कारण तिचा चेहरा एवढा उजळला की आता माघार नाही. "मग होऊ द्या की बंद. आवं, सरकारच करतंय, तुमी थोडीच करताय?"

म्हटलं, ठराव मीच लिहायचा.

"लिहायचंच तर आहे."

अब्बांना आंघोळ घातली. पाठ चोळताना हाताला फक्त हाडं लागली. इतके वाळलेत हे रविवारच्या रविवारी येणाऱ्याला कसं कळणार? पान-तंबाखूच्या दुकानात दिवसभर बडबडणारा माणूस, आता एकेक शब्द ओढून काढतो. सना दाराशी उभी राहून आजोबांना इंग्रजीतली कविता म्हणून दाखवत होती. ती इथल्या इंग्लिश मीडियमला. वाडीत अजून कुणी विचारलेलं नाही, गुरुजी तुमची पोरगी कुठल्या शाळेत. विचारलं तर काय सांगणार, माहीत नाही.

निघताना नसीम म्हणाली, "मी काय दगड नाही. त्या पोरांचं मलापण वाईट वाटतं. पण हितं कोण आहे मला?"

गाडीला किक मारली.

२८ नोव्हेंबर

समितीची बैठक. अर्धी वाडी आली. ठराव शून्य, डोकेदुखी भरपूर.

बबनराव पोरांना खाली पाठवायच्या बाजूचे. मुंबईत बाजारपेठेत ओझी उचलून निवृत्त झालेले, आता वाडीचे कारभारी. नातू तिसरीत. म्हणाले, पोरांना पोरांत राहू द्या, इथं राहून ती माणूसघाणी होतील. वाडीतली मुंबईकर मंडळी मात्र एकदम उलट. त्यांचं मंडळ आहे, त्याला विचारल्याशिवाय इथं यात्रेचा नारळही फुटत नाही. पायरीवर फोन स्पीकरला लावला. तिकडून आवाज, आम्ही ज्या शाळेत शिकलो ती बंद होऊ देणार नाही, आमची आठवण आहे ती. बबनराव फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "ह्यांची पोरं तिकडं इंग्रजीत शिकत्यात. शाळा मातर हिकडं पायजे त्यास्नी, बघायला."

मला हसू आलं आणि सनाची आठवण होऊन गेलंही.

सुनीताताई गप्प. मी विचारलं, अध्यक्षांचं काय? म्हणाल्या, गाव म्हणेल ते. गाव म्हणत होतं, अध्यक्ष म्हणतील ते. शेवटी गुरवमामा मागून उठले आणि म्हणाले, "येवडं कशाला? देवाला इचारू."

सगळ्यांचे चेहरे सुटले. भैरोबाला कौल लावायचा. विहीर कुठं खणायची, सरपंचाला कोण उभं राहणार, सगळं तिथंच ठरतं. माझ्या सचिवाच्या वहीत मी काय लिहावं? 'विषय क्र. १ देवाकडे वर्ग करण्यात आला'?

२९ नोव्हेंबर

नवीनच. कौल मी लावायचा.

बबनराव आणि गुरवमामा दोघं शाळेत आले. म्हणे, गावातल्या कुणी विचारलं तर दुसरी भावकी म्हणणार, मनात काळंबेरं ठेवून विचारलं. गुरव कळ्या लावेल, पण प्रश्न विचारणारा माणूस बाहेरचा पाहिजे. मी म्हटलं, अहो मी तांबोळी. बबनराव म्हणाले, "तेच तर. तुमी कुणाच्या भावकीत न्हाई, तुमाला हितं जमीन न्हाई, तुमाला काय पायजे बी न्हाई."

तुम्हाला काय पाहिजे पण नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं की मला कराड पाहिजे. सांगितलं नाही. म्हणालो, बघतो.

मानेसाहेबांना फोन केला. त्यांना आधी खोकला आला, मग हसू. म्हणाले, देवाचा ठराव कार्यालयात चालत नाही, तुम्ही आपलं 'ग्रामस्थांशी चर्चा केली' लिहा. आणि फोटो कुठं येऊ देऊ नका, शिक्षक आहात.

१ डिसेंबर

अब्बांना फोनवर विचारलं. नसीमनं त्यांच्या कानाला धरला होता. मला वाटलं होतं नको म्हणतील, म्हणजे सुटलो. बराच वेळ नुसता श्वास. मग म्हणाले, "मोहरमला... आपला ताबूत... कोण उचलतंय?" म्हणजे गावातल्या सगळ्या जातीचे हात लागतात, हे त्यांना म्हणायचं असणार. पुढं म्हणाले, "बोलावलंय... जा."

सुटलो नाही.

४ डिसेंबर

जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आलीय, त्यामुळे आज वाडीला रस्ता सापडला. सकाळी एका बाजूचे उमेदवार, दुपारी दुसऱ्या बाजूचे. सकाळचे यापूर्वी मेढ्यात समूह शाळा हे कसं भविष्य आहे ते सांगून गेले होते, मी स्वतः ऐकलंय. आज पायरीवर उभं राहून म्हणाले, या शाळेला हात लावणाऱ्याचा हात जागेवर ठेवणार नाही. दुपारचे तर त्याहून गरम. म्हणजे दोघंही शाळेच्या बाजूचे. मग बंद करतंय कोण?

एकाला विचारलं, साहेब, मग दुसरा शिक्षक तरी मिळेल का? म्हणाले, निवडून येऊ द्या. दुसऱ्यांना विचारलं, तेही तेच म्हणाले. दोघांच्याही माणसांनी पोरांना लाडू दिले. दुपारी लिहायला कुणी तयार नाही, सगळी सुस्तावलेली. ईश्वरीनं विचारलं, "सर, रोज येणार हायत का ही?"

काल मी रस्त्यातल्या खड्ड्याचं बोललो असतो तर कुणी ऐकलं नसतं. आज दोन्ही गाड्या त्याच खड्ड्यात अडकल्या, पोरांनी ढकलून काढल्या. एवढं मात्र बरं वाटलं. क्षुद्रपणा आहे, असो.

७ डिसेंबर, रविवार

कडेगावला गेलो नाही. आज कौल होता. नीट लिहून ठेवतो, कारण नंतर मलाच खरं वाटणार नाही.

देवळात सगळी वाडी. शेवंतीच्या दोन कळ्या ओल्या करून गुरवमामांनी देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न आधी सगळ्यांनी मिळून ठरवला होता: शाळा वाडीत ठेवायची का? देवळात रेंज नाही, म्हणून बबनरावांचा पुतण्या शाळेच्या पायरीवर मुंबईकरांचा फोन धरून उभा आणि देवळापासून तिथपर्यंत माणसं. पडलेली कळी एकानं दुसऱ्याला ओरडून सांगायची.

मी चपला काढून पुढं गेलो. गुरवमामा देवाला सांगत होते की हे गुरुजी, परगावचे, गावासाठी आलेत. मी हात जोडून उभा होतो. अजून तोंड उघडलं नव्हतं. उजवी कळी पडली.

मागं कुणीतरी "उजवा" म्हणून ओरडलं. तो आवाज माणसामाणसातून पायरीपर्यंत गेलाही. तिकडे मुंबईत टाळ्या. इथं गुरवमामा माझ्याकडे बघतायत आणि मी त्यांच्याकडे, की आता विचारू का नको. बबनराव म्हणाले, विचारा. मी विचारलं. डावी कळी तशीच. दुसरी उजवी लावली, तीही तशीच. ऊन चढलं, बायका उठून भाकऱ्या करायला गेल्या, कळ्या सुकायला लागल्या तरी एक हलेना.

मेढ्याला खोलीवर येईपर्यंत मुंबईकरांच्या ग्रुपवर 'शाळा वाचली' आणि त्याखाली फटाके. त्या दिवशीच्या सकाळच्या आणि दुपारच्या, दोन्ही उमेदवारांचे अभिनंदनाचे फोन.

एक गोष्ट वर लिहिली नाही. कळी पडली तेव्हा माझ्या मनात शाळा नव्हती. पायाखालची फरशी गार लागली आणि अब्बांना आंघोळीला बसवतो ती न्हाणीतली फरशी आठवली, आणि वाटलं, आता घरी जाऊ दे मला. तेवढ्यात पडली.

८ डिसेंबर

वाडीत तट पडलेत. एक तट म्हणतो, प्रश्न सगळ्यांना ठाऊक होता, देवाला नसेल का? कौल झाला. बबनराव म्हणतात, विचारण्याआधी कसला कौल, वाऱ्यानं पडली असेल. मग परत लावू म्हटलं तर गुरवमामा ठाम, एका कामाला एकदाच, पुन्हा विचारायचं ते यात्रेला. यात्रा चैत्रात. मानेसाहेबांना ठराव महिनाअखेर हवा.

मधल्या सुट्टीत गुरवमामा शाळेत आले. भिंतीला टेकून बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "गुरुजी, कौल इचारणाऱ्याच्या मनाला लागतोय. तोंडाला न्हाई. तुमच्या मनात त्या वक्ताला काय व्हतं?"

मी म्हटलं, आठवत नाही.

"आठवा. सवडीनं सांगा. तुमी म्हणाल ते गाव मानंल, मी बोललोय त्यांच्यासंगं."

म्हणजे फिरून-फिरून सगळं माझ्या डोक्यावर. देवाकडे वर्ग केलेला विषय परत सचिवाकडे.

९ डिसेंबर

पोरांनी नवा खेळ काढलाय. फळ्याला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावतात, आज गणित का मराठी. उजवी पडली, मराठी. विनायकनं फुंकर मारली असा ईश्वरीचा आरोप. भांडण माझ्याकडे. मी विनायकला विचारलं, मारलीस का? म्हणाला, मारायची नव्हती, श्वास सोडला.

मी त्याला शिक्षा केली नाही. मी काय सोडलं होतं कुणास ठाऊक.

११ डिसेंबर

डोक्यात एकच चक्र.

मनात शाळा होती असं सांगितलं तर उजवा कौल, शाळा राहते, वाडी खूश, मी इथंच. हे खोटं. मनात घर होतं असं सांगितलं तर हे खरं, पण गावाला वाटणार देवानंच सरांना जा म्हटलं, म्हणजे शाळा मिटली. आणि मी सुटलो. खरं बोललो तर माझा फायदा, खोटं बोललो तर त्यांचा. असं कुठं असतं का? लहानपणापासून उलटंच शिकवलं सगळ्यांनी. मीही तेच शिकवतो.

शिवाय मी हे काही मानत नाही. पाण्याचं वजन, देठाचा ओलावा, पडते कळी. मग खोटं बोलायला काय हरकत? पण ते मानतात. ते मानतात म्हणून तर मला विचारतायत.

नसीम फोनवर म्हणाली, "खरं ते सांगा की. खरं सांगायला कशाला एवढा विचार?" पहिल्यांदाच तिचा राग आला. तिचं चुकलं नाही म्हणून जास्तच आला.

१४ डिसेंबर, रविवार. कडेगाव

अब्बा शुक्रवारी पलंगावरून घसरले. मला सांगितलं नव्हतं. कपाळाला खोक. नसीमनं शेजारच्यांना हाक मारून उचललं. मी रागावलो की फोन का केला नाही, तर म्हणाली, "करून? मेढ्याहून उडत येणार होतात?"

अब्बांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं, कळीपासून. झोपले असावेत असं वाटलं. मग डोळे न उघडता विचारलं, "पोरं... किती?" सांगितलं. त्यांनी मान हलवली. होय म्हणून की हळहळून, काही कळलं नाही. परत विचारायचा धीर झाला नाही.

१७ डिसेंबर

सुनीताताई आज कामावर गेल्या नाहीत. मुद्दाम. पोरं जेवायला बसल्यावर मला बाजूला बोलावलं. त्या ठामपणे 'शाळा राहिलीच पाहिजे' म्हणणाऱ्या, असं मी धरून चाललो होतो.

"सर, तुमाला म्हणून सांगती. मला वाटतंय ईश्वरीनं खाली जावं. हुशार हाय ती. हितं तिला कुणाची बरोबरीच न्हाई. पण गाडी न्हाई आली पावसाळ्यात, तर माझी सासू तिला घरी बसवंल, आन मग परत न्हाई जायाची ती. माझं तसंच झालं. म्हणून मी तोंड उघडत न्हाई. ह्यो बी धोका, त्यो बी धोका."

म्हटलं, मग मी काय सांगू?

"तुमी कायबी सांगा. तुमी सांगितलं म्हंजी माझ्या नावावर येत न्हाई."

आणि रडल्या. मी इकडंतिकडं बघत बसलो. म्हणजे मीही हेच करतोय, त्यांच्यावर ढकलता येतंय का बघतोय. त्या माझ्यावर, मी त्यांच्यावर, गाव देवावर, सरकार गावावर. मानेसाहेबांनी सांगितलेली 'संमती' ती हीच असावी.

२० डिसेंबर

आज सांगितलं.

बैठक शाळेतच. मुंबईकर फोनवर. मी रात्रभर दोन वेगवेगळी वाक्यं पाठ केली होती आणि उभा राहिलो तेव्हा दोन्ही विसरलो. म्हणालो, "माझ्या मनात शाळा नव्हती. वडील आजारी आहेत, मला घरी जायचंय, ते होतं. शाळा मिटली तर मला घराजवळ जागा मिळणार आहे. बबनराव, तुम्ही म्हणालात मला काही नको. मला हवंय."

बोलल्यावर हलकं वगैरे वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. फोनमधून "काय म्हणाले, काय म्हणाले" चाललेलं.

बबनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं आता उठतील आणि बाहेर काढतील. ते म्हणाले, "म्हंजी देवानं तुमचं ऐकलं गुरुजी. तुमाला उजवा दिला. तुमी घरी जावा, बापाला बघा. शाळेचं तर आमी इचारलंच न्हाई अजून. त्यावर त्यो काय बोलला न्हाई."

गुरवमामांनी मान डोलावली. पटलं सगळ्यांना. एवढ्या सहज पटलं की मीच चक्रावलो. मग सुनीताताई उठल्या, पहिल्यांदाच. "देव बोलला न्हाई तर हाय ते मोडायचं न्हाई. शाळा ऱ्हाऊ द्या. यात्रंला परत इचारू." बबनरावसुद्धा हो म्हणाले. नातवाचं एक वर्ष तर आहे, म्हणाले.

मी म्हटलं, अहो पण मी गेल्यावर शिकवणार कोण? इथं वर दुसरं कोण येतंय?

"देतील की सरकार," बबनराव म्हणाले. "येवडं दोघं हात मोडायला निगालेत आमच्या शाळंसाठी."

ते चेष्टेत म्हणाले की मनापासून, कळलं नाही.

ठराव झाला. मीच लिहिला, त्यांनी सांगितला तसा. एक, शाळा वाडीतच चालू ठेवावी. दोन, तांबोळी गुरुजींना वडिलांच्या आजारपणाकारणे घराजवळ जागा द्यावी. दोन्ही एकमताने. खाली सह्या, अंगठे. बबनरावांनी लिहून झाल्यावर मला वाचायला लावलं, परत ऐकलं, आणि म्हणाले, चांगलं झालं, कुणाचंच वाकडं झालं नाही.

शाळा राहिली तर मी अतिरिक्त होतच नाही, हे त्यांना कळलं नसेल का? मी सांगायला पाहिजे होतं. सुनीताताईंनी माझ्यासाठी घरून चहा आणला होता. तो प्यायलो आणि गप्प बसलो.

२२ डिसेंबर

मेढ्याला जाऊन ठराव दिला. मानेसाहेबांनी चष्मा लावून वाचला, चष्मा काढला, परत लावून वाचला.

"तांबोळी, हे दोन्ही कसं होईल? शाळा चालू तर तुम्ही तिथंच. तुम्ही हलायचं तर शाळा बंद. असा ठराव वर पाठवला तर माझी चेष्टा होईल."

मी म्हटलं, गावानं एकमतानं केलाय.

साहेबांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली. चांगला माणूस आहे, स्वतः कधीकाळी एकशिक्षकीत होता. शेवटी कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाले, यातली एक ओळ खोडून आणा, कुठली ते मी विचारणार नाही, पुढचं मी बघतो. लवकर आणा, एकदा निवडणुकीची आचारसंहिता लागली की सगळंच अडकतं.

म्हटलं, गावाला विचारून येतो.

"गावाला कशाला विचारता? सह्या झाल्यात. अक्षर तर तुमचंच आहे."

२३ डिसेंबर

शाळा भरली, सुटली. कागद पिशवीत आहे. सुनीताताई जीपमधून उतरताना दिसल्या, लांबूनच हात केला, काम झालं ना म्हणून. मीही हात केला.

बबनरावांनी नसीमला द्या म्हणून घरची नाचणी दिलीय, अब्बांना पेज करायला. पोतं मोटरसायकलला बांधताना म्हणाले, जाताना सांगून जावा गुरुजी, न सांगता जाऊ नका.

नसीमला फोन लावला. "झालं का?" म्हणाली. म्हटलं, ठराव झालाय. ती लगेच अब्बांना ओरडून सांगायला लागली, अब्बा, ते येणार, घरी येणार. मी "अगं थांब" म्हणेपर्यंत पलीकडून अब्बांचा आवाज आला. नीट शब्द नव्हता. त्यांना झटका आल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे ते हसतायत हे समजायला वेळ लागला.

फोन ठेवला. अजून एकही ओळ खोडलेली नाही.